पर्मनंट

मिताली मॅडमनी मार्कशीट टेबलावर पालथी ठेवली आणि विचारलं, "सुकापूरचे मूळचेच का तुम्ही, की फ्लॅट घेतलाय?"

निकेशने या प्रश्नाची तयारी केली नव्हती. तो टक्क्यांच्या प्रश्नाची तयारी करून आला होता. कॉस्टिंगमध्ये नापास होऊन केटी कशी लागली, पास क्लासच का मिळाला, या सगळ्याची उत्तरं त्याने आरशासमोर म्हणून पाहिली होती.

"मूळचे," तो म्हणाला. "आगरी आहोत आम्ही. आजोबांची शेती होती तिथे. आता बिल्डिंग आहे."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. नातेवाईक कुठे कुठे आहेत, जमिनी कोणाच्या गेल्या, मोबदला कोणाला मिळाला, हे त्यांनी गप्पा माराव्यात तसं विचारलं. निकेश सांगत गेला. उरणकडच्या आत्याची जमीन रस्त्यात गेली, नवरा काशिराम दोन वर्षांमागे वारला, मूलबाळ नाही, हेही तो सांगून बसला. मुलाखतीत कोणीतरी पहिल्यांदाच त्याला येत असलेलं विचारत होतं.

"फायनान्समध्ये मार्क नाही बघत आम्ही," मॅडम म्हणाल्या. "माणसं बघतो. सोमवारपासून या."

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर मिठाईच्या दुकानावर फायनान्स कंपनीची ही शाखा होती, आणि मिताली मॅडम तिच्या मॅनेजर. जिना उतरताना निकेशचे पाय हलके झाले होते. निकाल लागल्यापासून वर्ष उलटून गेलं होतं. बँकांच्या वेबसाइटवर साठ टक्क्यांखालचा आकडा टाकला की पुढचं बटण उघडायचंच नाही. बेलापूरला एका कंपनीने बोलावलं तेव्हा गेटवरच मार्कशीट पाहून दोन रांगा केल्या होत्या, आणि निकेशच्या रांगेला दुपारी जेवायच्या वेळी, आम्ही कळवू, असं सांगून घरी पाठवलं होतं. वाशीच्या एका कन्सल्टन्सीतल्या मुलीने तर त्याला समजुतीच्या सुरात सांगितलं होतं की, तू कुरिअर वगैरे का बघत नाहीस.

तो मठ्ठ नव्हता. वाचायला सावकाश होता. एकेक वाक्य नीट कळल्याशिवाय त्याला पुढे जाता यायचं नाही आणि त्यामुळे परीक्षेत शेवटचे दोन प्रश्न नेहमी राहायचे. राहिलेल्या प्रश्नांना मार्क नसतात, हे त्याने मान्य केलं होतं.

त्याचे वडील शिवा एका कंत्राटदाराच्या डंपरवर होते. नोकरीचं कळल्यावर त्यांनी निकेशचा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, माझा मुलगा फायनान्समध्ये. आईने कधी नव्हे ते त्याचा शर्ट स्वतः इस्त्री करून दिला.

पहिले सहा महिने प्रोबेशनचे होते. शाखेत कॉलेजमधला हितेश भेटला. तो फर्स्ट क्लासवाला, मार्केट यार्डातल्या दुकानदाराचा मुलगा. कंपनीची एक विम्याची योजना होती आणि ती सगळ्यांनी, अगदी एफडीसारखीच, असं सांगून विकायची होती. हितेशने माहितीपुस्तिका चाळून बाजूला ठेवली. निकेशने ती घरी नेली आणि आपल्या सवयीप्रमाणे सावकाश वाचली. हप्ता दर वर्षी भरायचा होता, तोही दहा वर्षं. पुढचा हप्ता चुकला की आधी भरलेल्यातलं फारसं काही हाती लागत नव्हतं. त्याने ते पान पुन्हा वाचलं. अर्थ तोच निघाला.

त्याने मॅडमना विचारलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, एवढं वाचायला ग्राहकांना वेळ नसतो. मग म्हणाल्या, "आत्यांचं काय ठरलं?"

नातेवाइकांना योजना विकायचं तो दोन-तीन महिने टाळत राहिला. मामाला सर्दी होती, काका गावाला गेले होते, आत्या कोणाच्या लग्नात होती. शेवटी मॅडमनी हितेशला सांगितलं की, याच्याबरोबर जाऊन या, आणि दोघे हितेशच्या मोटरसायकलवर आत्याकडे गेले.

हौसा आत्याने आयुष्यभर नवऱ्याबरोबर मिठागरात काम केलं होतं. तिच्या टाचा आणि तळहात अजून चिरलेले होते. निकेश लहान असताना सुट्टीभर तिच्याकडेच असायचा. त्याला आणि त्याच्या साहेबी मित्राला पाहून ती हरखली. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी तिने पुढे केली. हितेशने नुसता चहा घेतला आणि आत्यांचे हात धरून त्यांच्या भविष्याबद्दल छान बोलला. त्याला ते जमत होतं. आत्या मान हलवत होती. मग तिने निकेशकडे पाहिलं.

आत्याकडे मोबदल्यातलं जे उरलं होतं ते एक हप्ता भरला की संपणार होतं. पुढच्या वर्षी ती काय भरणार होती?

"आत्या, ही एफडी नाय," तो म्हणाला. "दर वर्साला भरायला लागतं. नाय भरलं तर पयलं भरलेलं पन जातं. तू बँकेतच ठेव."

हितेश चहाच्या कपात बघत राहिला. आत्याने विचारलं, "मंग तू कशाला आयलास?"

निकेशने उरलेली भाकरी संपवली आणि ताट उचललं.

परतताना गव्हाण फाटा आला. तिथे हितेशने गाडी बाजूला घेतली. निकेशला वाटलं, आता हा शिव्या देणार. हितेश हेल्मेट काढून नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "मी माझ्या मम्मीला हीच पॉलिसी दिलीय." मग त्याने हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली.

मॅडम रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी निकेशला झेरॉक्स मशीनपाशी बसवलं. तो ग्राहकांची आधार कार्डं झेरॉक्स करायचा, स्टेपल करायचा. प्रोबेशन संपत आलं होतं आणि काय होणार ते त्याला कळत होतं. घरी त्याने काही सांगितलं नाही.

आणि मग एका सकाळच्या मीटिंगमध्ये मॅडमनी त्यालाच पुढे बोलावलं. सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. त्याचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "निकेश आजपासून पर्मनंट."

निकेश टाळ्यांमध्ये उभा होता. हितेश टाळ्या वाजवत नव्हता. बाहेर जिन्यात निकेशने त्याला गाठलं, तेव्हा हितेशने भिंतीकडे बघत सांगितलं की परवा तो आणि मॅडम पुन्हा आत्याकडे गेले होते. शाल, नारळ घेऊन. आत्यांनी सही केली.

संध्याकाळी घरी पेढे होते. आत्याचा फोन आधीच येऊन गेला होता. शिवा त्या दिवशी कामावरून लवकर आले होते आणि निकेशच्या पाठीवर थाप मारताना त्यांचे डोळे भरले होते. निकेशने पेढा खाल्ला.

रविवारी तो एकटाच आत्याकडे गेला. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. त्याने विचारलं, तुला मी नको सांगितलं होतं ना? आत्या हसली. त्या हसण्यात थोडा अभिमान होता.

"तू लाजतस मागाया," ती म्हणाली. "ल्हानपनी पन तसाच व्हतास. भूक लागली तरी बोलायचा नायस. मॅडम बोलली, त्याची नोकरी तुमच्या हातात हाय. मंग मी काय करू? मला कोन हाय दुसरा?"

निकेश तिच्याशेजारी बसला. मनात आलं, गप्प राहावं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. तोवर दुसरी नोकरी मिळेल, अनुभवाचा दाखला असेल, मग टक्के कोणी विचारणार नाही. तो वाल सोलू लागला. बराच वेळ दोघे सोलत राहिले. आत्या मधेच म्हणाली की, आता तुज्यासाठी पोरगी बघाया सांगते शिवाला.

मग त्याने तिला सांगितलं. कागद हातात पडल्यापासून ठरावीक दिवसांत पॉलिसी परत करता येते, पैसे परत मिळतात. अजून वेळ होता. तिने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"आनि तुजी नोकरी?"

"नोकरी ऱ्हाईल," तो म्हणाला. "पर्मनंट झालोय ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा ठेवणीतलं लुगडं नेसून उरणच्या गाडीने पनवेलला आली आणि जिना धरून धरून शाखेत चढली. निकेश झेरॉक्सपाशी उभा राहिला. तसंच ठरलं होतं. मॅडमनी तिला थंड पाणी दिलं, समजावलं, पुन्हा समजावलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुम्हाला भाच्याने सांगितलं का हे?"

"त्याला कायच म्हायत नाय," आत्या म्हणाली. "मलाच नको. माजा पैसा हाय, मला परत पायजे."

ती उठली नाही. अर्जावर शिक्का पडून पोच हातात येईपर्यंत ती त्या खुर्चीत ताठ बसून राहिली. जाताना तिने निकेशकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती गेल्यावर मॅडमनी निकेशला केबिनमध्ये बोलावलं. राजीनामा लिहून दे, म्हणजे पुढे त्रास होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याने लिहिला. त्यावर स्वीकारल्याची सही करताना त्या म्हणाल्या, "तुमची मार्कशीट इथे कोणी बघितली नव्हती. दुसरीकडे बघतील."

बघितलीच. आता मुलाखतीत आणखी एक प्रश्न वाढला होता. आधीची नोकरी, तीही पर्मनंट झाल्यावर आठवड्यात का सोडली? निकेशने एकदा खरं सांगून पाहिलं. समोरच्या गृहस्थांनी ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि धन्यवाद म्हटलं.

शिवांनी एकदाच विचारलं होतं. "तुजी आत्या तुज्यासाठी सही करते. पैसा तिचा, राजी ती. तुला काय खुपलं रे?" निकेशने समजावायचा प्रयत्न केला. दर वर्षी, हप्ता, चुकला तर. शिवांनी मधेच टीव्हीचा आवाज वाढवला. ग्रुपवरचा तो फोटो तसाच होता. काढायचा कसा, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि निकेशला त्यांनी ते विचारलं नाही.

दिवाळीनंतर कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे त्याला काम मिळालं. ट्रक काट्यावर चढला की वजनाची पावती घ्यायची आणि बिल टाइप करायचं. शेठने मार्कशीट मागितली नाही. मराठीत टायपिंग येतं का, एवढंच विचारलं. रोडपालीहून येणारी धूळ दिवसभर कीबोर्डवर बसायची. तो ती रुमालाने पुसायचा आणि पुढचं बिल घ्यायचा.

चुलतबहीण दिपिकाच्या हळदीला सगळं गोत जमलं. बँड वाजत होता. अंगणात पंगत बसली होती आणि निकेश पुरुषांच्या रांगेत शेवटी बसला होता. त्याच्याशेजारी आईकडचा म्हातारा गणूकाका होता. त्याने बँडच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "काय रं निकेश, हल्ली कुठं हायस?"

निकेशने तोंड उघडलं. तेवढ्यात भाकऱ्यांचं टोपलं घेऊन हौसा आत्या समोर आली. नोकरीचं खरं काय ते तिला शिवांकडून केव्हाच कळलं होतं.

"बँकेत हाय तो," ती म्हणाली. "मोठ्या बँकेत. मुंबैला."

"वा," गणूकाका म्हणाला.

हौसाने निकेशच्या पानात भाकरी ठेवली, तिच्यावर आणखी एक ठेवली, आणि त्याच्याकडे न बघता पुढच्या पानाकडे सरकली. निकेशने मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडला.