मुळं नसलेलं पान

वडनेरच्या काळ्या रानात जन्म घालवलेल्या प्रभाकररावांना सुनेनं, रीतानं, एकच काम सांगितलं होतं. नालवाडीच्या घरात खिडकीशी स्नेक प्लांटची कुंडी होती, पिवळ्या काठाच्या उभ्या पानांची. आई वारली तेव्हा रीतानं माहेराहून तेवढीच मागून आणली होती. बदलीच्या गावी निघताना ती बजावून गेली, की माती खडखडीत वाळल्याशिवाय पाणी घालायचं नाही आणि बाकी काहीच करायचं नाही.

काहीच करायचं नाही, हे काय शेतकऱ्याला सांगायचं काम आहे? प्रभाकररावांनी रोज तांब्याभर पाणी घातलं, चमच्यानं माती उकरून डवरणी केली, कपाशीला देतात तसा चिमूटभर युरियाही दिला. पावसाळा सरता सरता पानं बुडाशी कुजून आडवी झाली.

रीताच्या आईची एवढीच जिवंत खूण, आणि ती आपल्या हातानं गेली. लपवाछपवी त्यांना जमली नसती. त्यांनी फोन करून सांगून टाकलं. रीता म्हणाली, एखादं पान वरून टणक असेल तर तेवढं कापा, सावलीत सुकू द्या, कोरड्या रेतीत खोचा. आणि यावेळी खरंच हात लावू नका.

एक पान तसं निघालं. त्याला ना मूळ, ना डोळा. उसाच्या कांडीलाही डोळा असतो! हिवाळाभर ते नुसतं उभं राहिलं. प्रभाकरराव खिडकीजवळून जाताना हात पाठीमागे बांधून जायचे. कधीमधी घोटभर पाणी, बस. हे खातं काय, जगतं कशावर, त्यांना उमगेना.

होळीच्या सुमारास पानाशेजारची रेती सरकली आणि बोटाएवढा कोंब वर आला. उभ्या जन्मात त्यांनी शिवारंच्या शिवारं उगवताना पाहिली होती, पण पेरल्यावाचून, मुळावाचून आलेला जीव पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले.

मग त्यांना दिसलं, की कोंबाला पिवळा काठ नव्हता. नुसता हिरवा.

रीता सुटीवर आली तेव्हा त्यांनी खालमानेनं कुंडी पुढे केली.

"तुह्या आईचं नाई निंगालं हे. काठच नाई याले."

रीता खाली बसली. कोंबाला बोट न लावता खूप वेळ पाहत राहिली.

"मी तरी कुठं आईसारखी आहो, बाबा?" ती म्हणाली. "पण तिचीच आहो ना."