सगळेच पहाटे पाचला उठतात म्हणे!

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. भोसरीच्या कारखान्यात जन्मलो तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर नकाशे काढतील, अवघड गणितं सोडवतील. मला टांगलं कर्वेनगरातल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात. आणि नशिबी आलं एकच वाक्य: ‘आय गेट अप ॲट फाइव्ह.’

एकदा लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण दर नव्या बॅचला तेच! आय गेट अप ॲट फाइव्ह. आय गो फॉर अ वॉक. आय ड्रिंक मिल्क. समोरची मंडळी जांभया देत हे ओरडायची. मला हात असते तर कपाळ बडवून घेतलं असतं.

जया मॅडम मन लावून शिकवायच्या, यात वाद नाही. पण कोणी शंका काढली की म्हणायच्या, “अहो, मुलाखतीत छान छान सांगायचं असतं.”

एका संध्याकाळी दीक्षा आली. ती वारज्याच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, कायम रात्रपाळीला. तिथेच परदेशी पेशंटच्या वॉर्डात दिवसपाळीची जागा निघाली होती. ती मिळाली तर रात्री लेकीजवळ झोपता येणार होतं. पण मुलाखत इंग्रजीतून होती.

“मॅडम, पाचला मी पेशंटचं बीपी बघत असते. मग मी काय म्हणू?” तिनं विचारलं.

“आधी हे पाठ करा. बाकीचं नंतर बघू.”

ते ‘नंतर’ काही आलं नाही. मी भिंतीवर नुसता चरफडत राहिलो. भिंतीवरच्याला कोण विचारतो?

मुलाखत झाली त्या दिवशी दीक्षा तडक क्लासात आली. डोळे लाल झालेले.

“मुलाखत घेणाऱ्या बाईंनी रोजचा दिवस विचारला. मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. तर म्हणाल्या, रात्रपाळीला असता, मग पाचला फिरायला कशा जाता? मॅडम, त्यांना वाटलं, मी खोटं बोलतेय. खोटं बोलणाऱ्या नर्सच्या हाती पेशंट कोण देईल? पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. शेवटचं.”

मॅडमनी डस्टर उचललं आणि मला काठापासून काठापर्यंत पुसून काढलं.

“चुकलं माझं. तुमचा दिवस सांगा. मराठीत सांगा.”

“सकाळी घरी येते. लेक शाळेला निघालेली असते. कधीकधी गेटपाशी भेटते. वेणी तिची आजी घालते. मी कधीच नाही.”

मॅडम एकेक वाक्य लिहीत गेल्या. ‘कधीकधी’साठी समटाइम्स, ‘कधीच नाही’साठी नेव्हर. दीक्षानं मोठ्यानं वाचलं, “आय नेव्हर कोम्ब माय डॉटर्स हेअर.”

मागून उत्तरेश्वर म्हणाला, “मॅडम, माझाबी लिहा. मी स्वारगेटला पार्सलं उतरवतो, उठतो दुपारी.”

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. त्या संध्याकाळी मी कोपऱ्यापर्यंत भरलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कंटाळा आला नाही.

दीक्षानं मुलाखतीत आपला खरा दिवस सांगितला. अडखळत सांगितला, पण सांगितला. जागा तिला मिळाली. पेढे वाटायला ती लेकीला घेऊन आली. पोरीच्या दोन्ही वेण्या वाकड्यातिकड्या होत्या आणि ती त्या सगळ्यांना दाखवत होती.

आता क्लासात मोठा स्क्रीन आलाय. मला खाली पार्किंगमध्ये उभं केलंय. सोसायटीतल्या कोणा सज्जनानं पर्मनंट मार्करनं माझ्यावर लिहिलंय, ‘येथे गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडली जाईल.’ घासून घासून माझं अंग सोललं, तरी अक्षर हलत नाही.

मित्रांनो, फळ्यावर काहीही लिहा, पण आधी समोर बसलेल्या माणसाला विचारा. आणि हातातला मार्कर पर्मनंट असेल, तर कृपया स्वतःची भिंत वापरा.