पेटीवरचं प्लास्टिक

घाटकोपरच्या डोंगरावरची ती पेटी माझ्या गळ्यात मारली, तेव्हाच मी मार्तंड साहेबांना म्हटलं होतं, "साहेब, यंत्र उघड्यावरच ठेवायचं तर जिथे माणसं नाहीत तिथे ठेवू या." साहेब म्हणाले, "लवू, माणसं आहेत म्हणूनच तिथे ठेवतोय." आदल्या पावसाळ्यात, म्हणजे सत्त्याऐंशी साली, वरून दरड येऊन तिथल्या वस्तीतलं एक घर गेलं होतं. किती पावसाला डोंगर सुटतो याची अख्ख्या पावसाळ्याची सलग नोंद मिळाली, तरच संरक्षक भिंत मंजूर होणार होती.

पेटी म्हणजे डेटा लॉगर. वर नरसाळं. त्यात पाऊस पडला की खालची इवलीशी वाटी भरून कलंडायची आणि तेवढी नोंद पेटीतल्या कॅसेटवर व्हायची. महिन्यातून एकदा डोंगर चढायचा, कॅसेट बदलायची, बॅटरी बघायची, नरसाळ्यातला पाला काढायचा, एवढंच माझं काम. पण लोकांनी ते सुखानं करू दिलं तर ना! मे महिन्यात पाहिलं तर खांबाला कोणीतरी टीव्हीचा अँटेना बांधलेला. तो सोडवला, तर पुढच्या खेपेला खांबापासून झाडापर्यंत दोरी आणि दोरीवर ओला लेंगा. एका शहाण्यानं तर पेटीला कान लावून मलाच विचारलं, "यात गाणी लागतात का?"

वैतागून मी पेटीशेजारी राहणाऱ्या द्रौपदीबाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, ही पेटी म्हणजे तुमची भिंत. हिला काही झालं तर भिंत विसरा."

बाईंनी ते फारच मनावर घेतलं. जुलै लागताना गेलो तर अँटेना नाही, दोरी नाही, पोरंही पेटीला वळसा घालून जात होती. जूनची कॅसेट झकास भरलेली. मी खूश होऊन खाली उतरलो.

ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा गेलो आणि माझं डोकंच फिरलं. नरसाळ्यासकट सगळी पेटी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेली!

"कोणी केलं हे?" मी ओरडलो.

द्रौपदीबाई हात पुसत बाहेर आल्या. चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. "मीच बांधलं, भाऊ. मागच्या टायमाला तुम्ही गेलात ना, त्याच संध्याकाळी. पाऊस काय झोडपत होता! थेंब जाऊ दिला नाही आत."

"अहो, थेंब आत जायलाच पाहिजे! पाऊस मोजायला ठेवलीय ना ती! महिनाभर कोसळला आणि कॅसेटवर काय, तर कोरडा ठणठणीत जुलै! वाट लावलीत सगळी!"

मी सुतळी कापली, प्लास्टिक ओढून काढलं, कॅसेट बदलली, तोंडानं बडबड चालूच. तेवढ्यात सर आली. बाईंचे यजमान भीमराज यांनी दारातून हाक मारली, "आत या, साहेब, भिजाल."

आत गेलो, तर आत बाहेरपेक्षा फार वेगळं नव्हतं. पत्र्यातून चार-पाच ठिकाणी धार लागलेली. खाली टोप, बादली, परात. अंथरुणाची वळकटी खाटेवर आणि भीमराज तिच्यावर छत्री धरून बसलेले.

"घरावर प्लास्टिक नाही टाकलं यंदा?" मी विचारलं.

"एकच आणलं होतं," ते म्हणाले. "ते हिनं तुमच्या पेटीला घातलं. म्हणाली, घर काय, वाळेल. भिंत झाली पाहिजे."

मला इतका राग आला, की तो कोणाचा हेच कळेना. मी ते प्लास्टिक उचललं आणि भर पावसात पत्र्यावर चढलो. भीमराज खालून विटा देत होते, मी त्या कडांवर ठेवत होतो आणि शिव्या घालत होतो, पावसाला, पत्र्याला, मार्तंड साहेबांना.

खाली उतरलो तेव्हा द्रौपदीबाई डोक्यावर पदर घेऊन पेटीजवळ उभ्या होत्या. पेटी भिजताना त्यांना बघवत नव्हतं. मी म्हटलं, "कान लावा."

त्यांनी वाकून कान लावला. आतून बारीक टकटक येत होती.

"हे काय वाजतंय?"

"वाटी कलंडतेय. पाऊस मोजतेय."

त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग कान न काढताच म्हणाल्या, "जुलैचा पण असाच मोजला असता?"

"हो."

"आता भिंत?"

"यंदाची नोंद तुटली, बाई. आता पुढच्या पावसाळ्यानंतर."

त्यांनी वर डोंगराकडे पाहिलं, मग आपल्या घराकडे. "मग घर भिजवून मी राखलं काय, भाऊ?"