भरून ठेवलेली गाडी

"खालून मार नाही," चेतना म्हणाली. ती गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसून मोबाइलच्या उजेडात बॅटरीचा पत्रा बघत होती.

"मार लागाले गाडी फिरवा लागते, ताई," संघदीप आत स्टिअरिंगपाशी बसून ओरडला. "तीन वर्षांत अठराशे किलोमीटर. एवढं तं आपला टिंकू ई-रिक्षा घेऊन तीन आठवड्यांत फिरते. अन् वरून कर्कश गाने वाजवते."

"फिरवासाठी घेतलीच नव्हती," जियालाल रहांगडाले म्हणाले. गाडीचे मालक तेच. दुपट्ट्याने मान पुसत ते टिनाच्या शेडच्या खांबाशी उभे होते. सकाळचे साडेसात वाजले होते, तरी मे महिन्याची ऊब शेडखाली जमू लागली होती.

चेतना गजभिये आमगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. राहायला फुलचूरला. रोजच्या जाण्यायेण्यासाठी तिला लहानशी गाडी हवी होती. ही विजेवरची गाडी स्वस्त होती, कारण ती बनवणारी कंपनी दोन वर्षांपूर्वीच बंद पडली होती. आता ना शोरूम होतं, ना हमी, ना दुरुस्ती. पण धाकटा भाऊ संघदीप गोंदियात ई-रिक्षांच्या बॅटऱ्या उघडून दुरुस्त करायचा, म्हणून दोघं पहिल्या बसने कोहमाऱ्याला आली होती.

अशा गाड्यांचे मालक एकमेकांना जे दोष कळवत होते, ते चेतनाने एका कागदावर उतरवून आणले होते. चार्जिंगच्या तोंडातल्या पिना काळ्या पडतात. इथल्या स्वच्छ होत्या. बॅटरी थंड ठेवणारं पाणी गळतं. इथे कोरडं होतं. एकेका ओळीपुढे ती खूण करत गेली. शेवटची ओळ राहिली: टक्के अचानक घसरतात. हा दोष उभ्या गाडीत दिसत नाही.

"काकाजी, ही बॅटरी उतरेपर्यंत चालवून पाहावी लागेल. दोन-अडीच तास लागतील. आत्ता किती टक्के आहे?"

"शंभर. शंभरवरच राहते ते." जियालाल म्हणाले. "याच्या आधी पाच जन येऊन गेले. कोनी टायर पाह्यले, कोनी गाने लावून पाह्यले. हे कोनीच म्हनलं नाही."

"मग चालवू ना?"

"चालवा. मी बी येतो. मलेच पाह्याचं आहे."

ते मागच्या सीटवर बसले. चेतनाने गाडी देवरीच्या दिशेने महामार्गावर घेतली. गाडी अजून दोनशे आठ किलोमीटर चालेल, असं मीटर दाखवत होता. संघदीप शेजारी बसून दर दहा किलोमीटरला टक्के लिहून घेत होता. एसी लावलेला होता, वेग ऐंशीचा.

"काकाजी, नोकरी कुठं होती तुमची?" संघदीपने विचारलं. त्याला गप्प बसणं जमायचं नाही.

"पाटबंधाऱ्यात. बोदलकसा तलावावर चौकीदार. एकतीस वर्ष."

"म्हनजे बसून पानी पाह्याचं."

"पाह्याचंच काम होतं, बापू. भिंतीवर मोजपट्टी रंगवलेली. रोज सकाळी उठलं का आकडा पाह्याचा अन् साहेबाले सांगाचा. तलाव भरून असला का वर्षभर कायची चिंता नाही. कोनाले कधी पानी लागन, सांगता येते का? आपन भरून ठेवाचा."

"अन् गाडी?"

"गाडी बी तशीच." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी चमक आली. "माह्या पोराच्या, ओमेश्वरच्या मायले हार्टचा पहिला झटका आला तवा त्यानं हे गाडी घेऊन देल्ली. मी साठीनंतर चालवाले शिकलो. तीन वर्षांत एक दिवस वायर काढली नाही मी. बाजारात मी सायकलनं जाचो. हे गाडी तिच्याचसाठी. कवाबी शेडमधी जा, शंभर."

संघदीपचं पेन थांबलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. चेतना रस्त्याकडे बघत राहिली.

"सत्तर टक्के," ती म्हणाली. "लिही."

देवरीच्या पुढे जाऊन ते वळले. मग चेतनानेच विचारलं, "तुम्हाला काय पाहायचंय, काकाजी?"

"चूक कोनाची होती, ते."

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात आणि सरळ सांगितलं, साहेबाला पाण्याचा आकडा सांगावा तसं. जानेवारीतली गोष्ट. सकाळी दहाला बायकोच्या, राजकुमारीच्या, छातीत दुखू लागलं. मुलगा ओमेश्वर नागपूरला नोकरीत. त्याने फोनवर सांगितलं, वाट बघत बसू नका, सरळ इकडे आणा, डॉक्टर तयार ठेवतो. मीटर दोनशे आठ दाखवत होता. नागपूर सव्वाशे.

"साकोली गेली, लाखनी गेली. भंडारा आलं तवा ते म्हने, इथंच दाखवू का हो? मी मीटर पाह्यलं. चव्वेचाळीस टक्के. म्हटलं, आता कायले थांबाचं, पोरगं वाट पाहून राह्यलं. दहा-बारा किलोमीटर गेलो असन. पस्तीसचे एकदम नऊ झाले. गाडी बैलावानी चालली, अन् मंग उभीच राह्यली."

"किती वेळ?" चेतनाने विचारलं.

"सव्वा तास. ॲम्ब्युलन्स आली तवा बोलत होती ते. मलेच म्हने, तुमी पानी प्या. नागपूरच्या दवाखान्याच्या गेटवर पोहचलो, तवा नाही."

एक ट्रक हॉर्न देत शेजारून गेला.

"ओमेश्वर म्हनला, बाबा, तुमी चार्ज न करता निघाले. एकडाव म्हनला. मी म्हटलं, शंभर होती. तो म्हने, मंग संपली कशी? तेरवी झाल्यापासून तो बोलत नाही. बोलते तं गाडीचं बोलते. विकून टाका म्हनते." ते खिडकीबाहेर बघत होते. "आता मलेच समजत नाही. दररोज चार्ज करनारा मानूस, त्या एका दिवशी भुललो असन का? मीटर पाह्यल्यासारखं वाटते. पन वाटते."

कोहमारा सात-आठ किलोमीटरवर आलं होतं. पडद्यावर सदतीस टक्के होते. चेतनाने वेग बदलला नाही. छत्तीस. रस्त्याला किंचित चढ लागला, तिने पाय थोडा दाबला. आकडा बावीस झाला. मग आठ. ताकद संपत आल्याची खूण म्हणून पडद्यावर पिवळं कासव उमटलं आणि एसी आपोआप बंद पडला.

जियालाल दोन सीटांच्या मधून पुढे वाकले. त्यांचा श्वास चेतनाच्या खांद्याला जाणवला.

"असंच," ते म्हणाले. "असंच झालं होतं, मॅडम. असंच."

"किती किलोमीटर झाले, संघदीप?"

"त्र्याऐंशी."

"आपण शंभरवर निघालो होतो."

"शंभरवर," जियालाल म्हणाले. "तुमी स्वतः पाह्यलं ना? तुमीच पाह्यलं."

"मी पाहिलं, काकाजी."

गाडी सायकलच्या वेगाने घरापर्यंत आली. संघदीपने तिला पुन्हा चार्जिंगला लावलं आणि स्टिअरिंगखाली आपलं यंत्र जोडून मोबाइलवर एकेक आकडा बघितला. बॅटरीची ताकद त्रेसष्ट टक्के उरली होती. सेलचा एक गठ्ठा बाकीच्यांपेक्षा फारच मागे पडला होता. तो रिकामा झाला की सगळी गाडी थांबत होती. मीटर मात्र नव्या बॅटरीच्याच हिशेबाने आकडे सांगत होता.

"ताई, हे तं सरळ आहे," तो म्हणाला. मग मोठ्याने, "काकाजी, तुमी जे दिवसरात्र फुल…"

"संघदीप, मागचं चाक अजून बघायचं आहे," चेतना म्हणाली.

"चाक पाह्यलं ना सकाळीच."

"परत बघ."

तो तिच्याकडे बघत राहिला आणि गाडीच्या मागे गेला.

अशी बॅटरी काठोकाठ भरून ठेवली, वर ती उन्हात तापली, तर एक किलोमीटर न चालताही ती आतून झिजते. ऐंशीपर्यंत भरून, सावलीत ठेवून, रोज थोडी फिरवली असती, तर त्या दिवशी ती बहुधा नागपूरला पोहोचली असती. चेतनाने हे मनातल्या मनात मांडून पाहिलं, दुसऱ्या बाजूनेही मांडून पाहिलं. उत्तर तेच आलं. एकोणीस वर्षांत तिने एकाही विद्यार्थ्याला प्रयोगवहीतला नकोसा आकडा खोडू दिला नव्हता.

अकराच्या सुमारास ओमेश्वरचा फोन आला. जाहिरातीवर त्याचाच नंबर होता.

"मॅडम, देख ली क्या गाडी? पाह्यली ना? गाडी चांगली आहे. बाबांकडून चार्जिंगचं एकदा दुर्लक्ष झालं, बाकी काही प्रॉब्लेम नाही."

"दुर्लक्ष झालं नव्हतं," चेतना म्हणाली. ती अंगणाच्या मध्यावर उभी होती, जियालालांना ऐकू जाईल इतक्या अंतरावर. "आज आम्ही शंभर टक्क्यांवर निघालो. सदतीसवरून एकदम आठवर आली. त्र्याऐंशी किलोमीटरला. या गाड्यांचा हा माहीत असलेला दोष आहे. आकडे लिहून ठेवलेत, तुम्हाला फोटो पाठवते. तुमच्या बाबांनी गाडी पूर्ण चार्ज करूनच नेली होती."

फोन कटला का, म्हणून तिने पडद्याकडे पाहिलं.

"बाबा आहेत का तिथं?" ओमेश्वर म्हणाला.

तिने फोन पुढे केला. जियालालांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"हो," ते म्हणाले. "हो… नाही, सकाळी पोहे केल्ले… मीच केल्ले… हो, मीठ कमी टाकतो… तू जेवला का?… बरं… बरं, येजो."

फोन परत देताना त्यांनी तो आधी दुपट्ट्याला पुसला.

दुपारी त्यांनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरण, भात, कांदा, लाखोळीच्या डाळीचे वडे शेजारच्या घरून आले. संघदीपने चार वडे खाल्ले आणि पाचव्याला "ताईले कमी पडन" म्हणत हात घातला. जियालाल हसले. गाडी घ्यायचं ठरलं. आमगावला रोज जाऊन येण्याइतकी ताकद तिच्यात होती आणि मागे पडलेला गठ्ठा संघदीप बदलणार होता. सह्या झाल्या. तीन वाजता पुरेसं चार्जिंगही झालं.

चेतना गाडीत बसणार, तेव्हा जियालाल तिच्याजवळ आले.

"मॅडम, एक विचारू का? आमच्या तलावावरची पट्टी कधी खोटं बोलली नाही. पानी जेवढं, आकडा तेवढा. मंग हे बॅटरी काऊन खोटं बोलली? तीन वर्षांत काऊन खराब झाली ते? फिरवली बी नाही."

संघदीपने मान खाली घातली.

चेतनाने उत्तराचे दोन भाग केले आणि एक उचलला. "उन्हानं, काकाजी. उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे."

"उन्हानं."

"हो."

त्यांनी वर टिनाकडे पाहिलं. मग अंगणाच्या कोपऱ्यात पाहिलं, जिथे जमिनीतून वीतभर वर एक रुंद, करडा बुंधा उरला होता.

"इथं मोह होता," ते म्हणाले. "गच्च सावली. उन्हाळ्यात बी खाली ओल राह्यची. पावसात दारापासून गाडीपर्यंत जाताना ओमेश्वरची माय भिजू नये, म्हनून मी तोडला. अन् टिन टाकलं."

"काकाजी, नुसतं टिनाचं तसं नाही. सगळीकडचीच उष्णता…"

"नाही, नाही. समजलं. बरोबर सांगितलं तुमी." त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं. "कोनी सांगत नव्हतं. तुमी सांगितलं. या आता, बस्तीत हळू चालवजा."

चेतनाने गाडी मागे घेतली. गाडीला आवाज नव्हता. फक्त चाकाखाली मुरूम करकरला. शेड समोरच्या काचेत हळूहळू मागे सरत गेलं. वायर खांबाला गुंडाळलेली होती आणि गाडी उभी राहायची ती जागा रिकामी होती. जियालाल त्या जागेवर जाऊन उभे राहिले. शेड बुटकं होतं. त्यांनी उजवा हात वर केला आणि तळवा टिनाला लावला.

"काय करून राह्यले ते?" संघदीप म्हणाला. "भाजन ना."

चेतनाने ब्रेकवर पाय ठेवला. ते त्यांच्याकडे बघत नव्हते. पंजा पसरून, मान थोडी कलती करून, एखादं माप घेत असल्यासारखे ते उभे होते. हात त्यांनी काढला नाही.