सिकिरातूचं गाव

१९६९च्या नोव्हेंबरात घानाच्या रेडिओवर हुकूम झाला: ज्या परदेशी माणसांकडे राहायचा परवाना नाही, त्यांनी दोन आठवड्यांत देश सोडावा. कुमासीच्या बाजारात इनॅमलची भांडी विकणाऱ्या सिकिरातूने तो ऐकला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला पातेलं बांधून दिलं. हे आपल्याला लागू आहे, असं तिच्या मनातही आलं नाही.

शेजारी टोमॅटो घेऊन बसणारी अफुआ म्हणाली, "तू कसली गं परदेशी? तुझ्या तर शिव्यासुद्धा आम्हा अशांती लोकांच्या, अस्सल कुमासीच्या आहेत!"

पण सिकिरातूचे आईवडील नायजेरियातून, ओग्बोमोशोहून आलेले, योरुबा जमातीचे. ती जन्मली कुमासीत. पन्नाशी आली तरी ओग्बोमोशो तिने पाहिलं नव्हतं. परवाना कसला असतो हेही तिला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात गल्लीतली आठ घरं रिकामी झाली, तेव्हा तिने माल मिळेल त्या भावाने फुंकून टाकला. ती नायजेरियाच्या लॉरीत चढत असताना अफुआने तिच्या हातात खाण्याचं गाठोडं कोंबलं.

ओग्बोमोशोत म्हाताऱ्या चुलत्याने तिला एक खोली दिली. "आलीस पोरी, घरी आलीस," असं तो येईल त्याला सांगत सुटला. बघायला आलेल्या बायका तिचं बोलणं ऐकून तोंडावर हात धरून हसत. तिची योरुबा भाषा बापाकडून शिकलेली, चाळीस वर्षं जुनी. विहिरीवरच्या पोरी म्हणत, "घानावाल्या मावशी, जरा सरका की."

बसून खायची तिला सवय नव्हती. तिने आंबवलेल्या मक्याचे गोळे, केंके, पानांत गुंडाळून उकडायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी वास घेऊन नाकं मुरडली. पण घानातून हाकललेली माणसं बघता बघता तिच्या दाराशी जमू लागली. ती खात, बाजूला बसून घटकाभर अशांतींच्या भाषेत भांडत, आणि उठून जात.

दोन वर्षांनी घानातलं सरकार बदललं. एका लॉरी ड्रायव्हरबरोबर अफुआचा निरोप आला: "सक्ती सैल झालीय. कागद करून ये."

चुलता कुरकुरला. "घर सोडून परक्या गावी कशाला जातेस?"

"काका, इथं मला रात्री स्वप्नंसुद्धा त्याच बाजाराची पडतात," ती म्हणाली.

मग चुलत्यानेच तिला इबादानला नेऊन पासपोर्ट काढून दिला. तिच्या आयुष्यातला तो पहिला कागद. कारकुनाकडून तिने तो दोनदा वाचून घेतला: जन्म कुमासी, नागरिक नायजेरियाची.

कुमासीत तिच्या जागेवर दुसरीच बाई भांडी मांडून बसली होती. सिकिरातू वाद न घालता अफुआच्या पलीकडे फळकूट टाकून बसली.

अफुआने पासपोर्ट उलटापालटा करून पाहिला. "म्हणजे आता तू खरीखुरी परदेशी झालीस म्हण की!"

"हो ना," सिकिरातू म्हणाली. "पन्नास वर्षं फुकट राहिले."

त्यानंतर दर वर्षी ती परदेशी लोकांच्या रांगेत उभी राहून परवान्यावर शिक्का मारून आणायची. सकाळचा धंदा बुडायचा, म्हणून त्या दिवशी तिचा माल अफुआ विकायची.