सौनाबाहेरच्या बाकावरचा फोन

शुक्रवारी दुपारी चार वाजता व्हीपीएनमध्ये कंपनीतल्या उर्हो आहोलाच्या नावाने दोन जण बसलेले हिल्काला दिसले आणि कॉफीचा कप तिच्या हातात तसाच राहिला.

व्हीपीएन म्हणजे बाहेरून काम करणाऱ्याच्या कॉम्प्युटरपासून कंपनीपर्यंतचा बंदिस्त बोगदा. कुओपिओ शहरातल्या त्या छोट्या कंपनीकडे एकट्या राहणाऱ्या साडेतीनशे म्हाताऱ्यांच्या दारांचे कोड होते. नर्सबाया त्याच कोडने आत जाऊन गोळ्या देत. बोगद्याची राखण हिल्काकडे होती. जुलै आला की सगळे तळ्याकाठच्या कॉटेजवर पळत आणि वर तिथून काम करतो म्हणून सांगत. जुलैभर हिल्काचं डोकं तापलेलं असे.

उर्होने कॉटेजवरून सगळ्या कुलपांना नवे कोड पाठवण्याचं काम कॉम्प्युटरला लावून दिलं होतं. ते मध्येच तोडलं तर कुलपं जुनाही कोड घेणार नव्हती आणि नवाही. पाचला नर्सबायांची फेरी होती. न तोडावं, तर उर्होचा पासवर्ड चोरून शिरलेला दुसरा कोणी भराभर यादी उतरवून घेत होता. खरा उर्हो कोणता, हे तिच्या पडद्यावरून कळेना.

तिने फोन लावला. उचलला तो त्याच्या आईने, शहाऐंशी वर्षांच्या आऊनेबाईंनी.

"उर्हो सौनात वाफ घेत बसलाय."

"काकू, हाक मारा त्याला. फार तातडीचं आहे."

"सौनात बसलेल्या माणसाला मी कधी उठवलं नाही, पोरी. एकदा पाद्री आले होते, त्यांनाही बाहेर बसवलं."

हिल्काने दात आवळले. भांडायला वेळ नव्हता.

"बरं, नका उठवू. त्याचा कॉम्प्युटर कुठंय?"

"आत, टेबलावर."

"खाली कोपऱ्यात त्याच्या कनेक्शनचे चार आकडे आहेत. तेवढे वाचा."

काठीचा आवाज आला. मग चष्म्याची शोधाशोध. इकडे यादी उतरतच होती.

"सात... एक... का सातच आहे हा?"

"काकू, नीट बघा हो!"

"ओरडू नकोस. सात, एक, शून्य, चार."

ते आकडे नसलेलं दुसरं कनेक्शन हिल्काने तोडलं. कुलपांचं काम चालू राहिलं.

"काकू, 'आत येणारे तुम्हीच का?' असं फोनवर काही आलं होतं?"

"चारदा. बाकावर नुसता थरथरत होता मेला. उर्हो म्हणतो, 'हो' दाबलं की गप्प बसतो. चौथ्यांदा दाबलं मी. का, चुकलं का गं?"

त्याच 'हो'ने चोराला आत घेतलं होतं. पूर्वी नुसतं 'हो' चालत नसे, कॉम्प्युटरवर दिसणारा आकडा फोनवर टाकावा लागे. कॉटेजवर ती कटकट नको म्हणून उर्हो महिनाभर मागे लागला होता, आणि आपलाच माणूस म्हणून तिने त्याच्यापुरता नियम सैल केला होता. म्हातारीला काय बोलणार? तिला स्वतःचाच संताप आला.

"तुमचं नाही, माझं चुकलं."

चोराने काय नेलं ते तिने उघडलं. आडनावांच्या क्रमाने पहिली एकोणीस नावं, पत्ते आणि नवे कोड. सगळ्यात वर आहोला, आऊने.

"काकू, तुमच्या शहरातल्या घराचा कोड चोरीला गेलाय. मी बदलते, पण कुलपं एका दिवसात दोनदा कोड घेत नाहीत, नवा बसायला सकाळ होईल. आज रात्री घरी जाऊ नका."

"माझ्या एकटीचाच?"

"एकोणीस जणांचा."

आऊनेबाईंची काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"मी इथे कॉटेजवर आहे, माझं काय जातंय? पण बाकीचे अठरा घरातच असतील ना गं? म्हातारी माणसं कुठे जाणार? दार वाजलं की नर्स आली समजून गप पडून राहतात."

"हो," हिल्का म्हणाली.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? त्यांना फोन लाव. याला मी उठवते."

काठी आपटत त्या सौनाकडे निघाल्याचं तिला ऐकू आलं. हिल्काने फोन ठेवला आणि यादीतलं दुसरं नाव लावलं. रिंग वाजत राहिली.