वजा केलेलं आकाश

“बाई, तुमची रिकामी जागा काही रिकामी नाही,” भिंगवाला म्हणाला.

संस्थेत त्याला सगळे भिंगवालाच म्हणत. दुर्बिणीची उपकरणं त्याच्या ताब्यात. बाई महिनाअखेर निवृत्त होणार, म्हणून दोघं त्यांची सव्वीस वर्षांची निरीक्षणं नीट लावून ठेवत बसले होते. दुपारचा एक वाजून गेला होता. पडद्यावर बाईंचा ढग होता. बाईंचा म्हणजे, त्यातल्या एका नवजात ताऱ्यापायी त्यांनी उभी हयात घालवली होती.

“रिकामी नाही म्हणजे?”

“हा अवकाश दुर्बिणीचा नवा नकाशा. हायड्रोजन कुठे कुठे चमकतोय बघा. तुमच्या ताऱ्यापाशी आहे. आणि शेजारी तुम्ही कोरं आकाश घ्यायचात ना, तिथेही आहे.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोष चष्म्याचा नव्हता.

अवरक्त प्रकाशात काम करणाऱ्यांचं दुखणं असं, की त्या प्रकाशात हवासुद्धा स्वतः चमकते. म्हणून दुर्बीण आधी ताऱ्यावर रोखायची, मग शेजारच्या रिकाम्या जागेवर, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. उरेल ते ताऱ्याचं. बाईंना हवी होती हायड्रोजनची एक रेषा, म्हणजे प्रकाशाच्या आलेखात वर येणारं एक टोक. ती दिसली असती तर तारा ढगात वायूचे झोत फेकतोय, म्हणजे अजून घडतोय, हे सिद्ध झालं असतं. ती दरवेळी दोन्हीकडे होती, आणि दरवेळी बाई ती वजा करत आल्या. एखाद्या वेंधळ्याने कधीतरी चुकून दुर्बीण भलतीकडे वळवली असती आणि घोळ तेव्हाच उघडकीला आला असता. पण बाई पडल्या शिस्तीच्या. सव्वीस वर्षं तीच जागा, तसूभर फरक नाही.

“पहिल्या वर्षाचं काढा,” त्या म्हणाल्या.

“एवढं मागे कशाला? गेल्या वर्षाचं पुरे की.”

“काढा हो.”

त्या खेपेला दुसऱ्याच एका ताऱ्यासाठी लांबचं आकाशही घेतलेलं होतं. भिंगवाल्याने बाईंच्या ताऱ्यातून आता ते वजा केलं. आलेखात एक बारीकसं टोक वर आलं.

“होती की,” तो म्हणाला. “चहा सांगून येतो,” म्हणून तो उठला.

चूक छापून कबूल करता येते. तेवढा मोठेपणा बाईंकडे होता. पण त्याच पहिल्या वर्षी त्यांनी नवऱ्याला शब्द दिला होता, “रेषा सापडली की ही नोकरी सोडते. तुझ्या गावी येते, तिथल्या कॉलेजात शिकवते.” नवऱ्याचं तिकडे औषधांचं दुकान; ते काही उचलून आणण्यासारखं नव्हतं. तो फोनवर विचारायचा, “दिसली का गं?” बाई म्हणायच्या, “पुढच्या वर्षी नक्की.” नऊ वर्षं त्याने वाट पाहिली. मग न भांडता कागदांवर सह्या झाल्या. पुढे त्याने दुसरं लग्न केलं आणि बाईंनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. कामात मन रमतं, असं त्या लोकांना सांगायच्या. मन फारसं रमत नव्हतं. त्याची आठवण आली नाही असा आठवडा गेला नव्हता.

त्यांनी दुकानाचा नंबर फिरवला.

“मी बोलतेय.”

“अगं, तू? बरी आहेस ना?”

“रेषा सापडली.”

“म्हणजे शेवटी सापडलीच म्हण,” तो मनापासून हसला. “कधी?”

आज, असं म्हणून मोकळं होता आलं असतं.

“पहिल्याच वर्षी होती. मीच ती वजा करत होते.”

पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागितलं. त्याने ते दिलं, दिवसातून किती वेळा घ्यायचं ते हळू आवाजात सांगितलं.

“पहिल्या वर्षी,” तो म्हणाला.

“हो. मला यायचं होतं रे. खरंच यायचं होतं.”

“त्याची मला कधी शंका नव्हती. नाहीतर नऊ वर्षं कोण थांबतं?” “आता दुकान बंद करून जेवायला निघतोय. ही खोळंबली असेल. पण दोन मिनिटं आहेत. सांग, कुठे चुकलं ते.”

खरं तर दोन मिनिटांत सांगून झालं असतं. बाईंनी अगदी मुळापासून सुरुवात केली. थंड वायूचा ढग, तो आपल्याच भाराने कसा आकसतो, मधला भाग कसा तापतो, भोवती धुळीचं कवच असल्यामुळे तारा डोळ्यांना का दिसत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, ही नोकरी लागण्याआधी, रोज जेवताना त्यांनी त्याला हेच सांगितलं होतं. भिंगवाला दारापर्यंत आला आणि दार ओढून घेऊन परत गेला. बाई एकेक वाक्य लांबवत होत्या, कारण चुकीपाशी पोचलं की फोन ठेवावा लागणार होता.

त्याला तर हे सगळं तोंडपाठ होतं. तरी एकदाही त्याने तसं म्हटलं नाही.

“हं,” तो म्हणत राहिला. “मग पुढे?”